राखणीची बरणी

मरोळला आता कामाशिवाय जाणं होत नाही. गेल्या मार्चमध्ये एका आत्याला जाऊन महिना झाला, तिच्यासाठीच्या मिस्सेला चर्चमध्ये गेले होते. मिस्सा सुटल्यावर रिक्षा न करता आत्याच्या घराकडे गावठाणाच्या गल्लीतून चालत निघाले. कोपऱ्यावर एका हातगाडीवाल्याने द्राक्षांच्या पेट्या उन्हात उघड्या टाकल्या होत्या. खालचे घड दबून फुटले होते, रस लाकडाच्या फटीतून रस्त्यावर ठिबकत होता. वास आला. साखर आंबायला लागते तेव्हाचा, गोड आणि शेवटी नाकात जरासा टोचणारा. "ताई, देऊ का? स्वस्तात देतो," तो म्हणाला. मी नको म्हणून मान हलवली आणि तिथेच उभी राहिले.

त्या गाडीपासून पन्नास पावलांवर आमचं घर होतं. तिथे आता सात मजली इमारत आहे. खाली गाड्या उभ्या असतात आणि विहीर होती त्या जागी सिमेंटची लादी आहे. तिच्यावर वॉचमनची खुर्ची. त्या विहिरीला लागून आमचा द्राक्षाचा मांडव होता.

मुंबईत द्राक्षाचा वेल म्हटलं की लोक हसतात. तेव्हाही हसायचे. आजोबांनी कुठल्याशा फादरच्या बागेतून वीतभर फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि विहिरीच्या ओलीवर रोवली, असं पपा सांगायचा. फांदी जगली. तिचा मनगटाएवढा बुंधा झाला आणि बुंध्याने बांबूंचा सगळा मांडव धरला. फळ मात्र लहान, काळं, जाड सालीचं. खायला घेतलं तर तोंड आक्रसून जायचं. शेजारची मुलं एकदा चोरून खायची आणि पुन्हा फिरकायची नाहीत.

आमच्याकडे नाताळाची वाईन सगळ्यांसारखीच व्हायची, बाजारातली नाशिकची द्राक्षं आणून. ती मोठ्या बरण्यांत. पण वेलाच्या द्राक्षांची बरणी वेगळी असे. चिनीमातीची, पोटाला तपकिरी आणि गळ्याला पांढरी. तिला घरात राखणीची बरणी म्हणायचे. तिच्यातून वर्षाला सहा-सात बाटल्या निघत. त्या जिन्याखाली वाळूत आडव्या पुरून ठेवायच्या आणि बारसं, लग्न किंवा मयत असल्याशिवाय काढायच्या नाहीत. माझ्या बाप्तिस्म्याला आजोबांच्या हातची बाटली उघडली होती म्हणे. आजोबा गेले तेव्हाची मला आठवते. सगळे अंगणात उभे होते, आणि पपा प्रत्येकाच्या पेल्यात दोन घोट ओतत होता.

पपा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होता. पहिली पाळी करून दुपारी घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला लोखंडाचा आणि हात धुवायच्या पिवळ्या साबणाचा वास असायचा. पावसाळा सरला की एका रविवारी तो छाटणीची कात्री दगडावर घासून घ्यायचा आणि शिडीवर चढायचा. खाली फांद्यांचा ढीग. कापलेल्या टोकांतून दोन दिवस पाणी टपकत राहायचं, आणि मांडवाखाली वाळत घातलेल्या कपड्यांवर त्याचे थेंब पडायचे. ममा ओरडायची. नाताळाच्या आसपास हिरव्या मण्यांचे झुपके दिसू लागत. मग वटवाघळं आणि बुलबुल. ममा जुन्या परकरांच्या पिशव्या शिवून घडांना बांधायची, त्यामुळे जानेवारीभर आमच्या मांडवाला फुलाफुलांच्या कापडाची फळं लागलेली दिसायची.

तोडणीला मी आणि माझी मोठी बहीण रोझी. देठं काढायची, फडक्याने एकेक द्राक्ष पुसायचं, धुवायचं नाही. मग पपा बाह्या सरसावून परातीत हात घालायचा. साली फुटण्याचा तो ओला, मऊ आवाज. कोपरापर्यंत जांभळे झालेले त्याचे हात आठवडाभर तसेच राहायचे आणि कारखान्यात त्याला त्यावरून चिडवायचे. बरणीच्या तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं की एकवीस दिवस रोज सकाळी लाकडी डावाने ढवळायचं. मी कान लावायची. आत बारीक चुरचुर चाललेली असायची, दूर कुणाच्या तरी घरी तळण चालू असावं तशी.

कधी ढवळायचं थांबवायचं, कधी गाळायचं, कधी बाटलीत भरायचं, हे पपा नाकाने ठरवायचा. फडकं सोडून, डोळे मिटून एकदाच वास घ्यायचा. "अजून दोन दिवस," म्हणायचा. किंवा नुसतंच, "आज."

मी अकरावीत होते तेव्हा त्याला ताप आला. बरेच दिवस राहिला आणि उतरला. त्यानंतरची एक सकाळ. पपा चुलीशेजारी स्टुलावर पेपर वाचत बसला होता. ममा विहिरीवर होती. ती धावत आत आली. "अरे, भात करपला ना! तू बसलास कशाला हितं?" पातेल्यातून काळा धूर येत होता. पपाने पेपर खाली केला. आधी पातेल्याकडे पाहिलं, मग ममाकडे.

"मला नाय आला गो वास," तो म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, थोडे दिवस जाऊ देत. मे महिन्यात ममाने वर्षभराचा, बाटल्यांत भरून ठेवायचा मसाला करायला घेतला. तव्यावर मिरच्या भाजायला लागल्या की आमची सगळी आळी खोकायची. त्या दिवशी पपा तव्यावर वाकून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो छाती भरभरून श्वास घेत होता. रोझी खोकत खोकत त्याला मागे ओढत होती. शेवटी तो स्वतःच बाजूला झाला. "काहीच नाय," म्हणाला, आणि विहिरीवर जाऊन तोंड धुऊ लागला. कितीतरी वेळ धूत होता.

पुढच्या फेब्रुवारीत द्राक्षं काढली, ठेचली, बरणी भरली. पंधराव्या दिवशी त्याने मला हाक मारली. "बाय, हिकडं ये." जिन्याखाली दोघे वाकून बसलो. त्याने फडकं सोडलं.

"सांग, काय वास येतो?"

"चांगला."

"चांगला-वाईट मला नको सांगू. कशासारखा ते सांग."

मी पुन्हा नाक नेलं. "ओल्या पाटीसारखा. आणि... चिंचेचं कोवळं पान चुरडल्यावर येतो ना, तसा."

त्याने डोळे मिटले. मी सांगितलेलं कुठेतरी आत नेऊन तो ताडून बघत असावा. "अजून चार दिवस," म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं. त्या दिवशी मला कोऱ्या वहीचा आणि पिकलेल्या जांभळाचा वास आला. "आज," पपा म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. त्या वर्षीची वाईन ज्यांनी प्यायली त्यांनी नाव काढलं. पपा ज्याला-त्याला सांगत सुटला, "माझं नाक कॉलेजात जातंय आता."

कॉलेज पार्ल्याला होतं. संध्याकाळी घरी आले की पपा ओट्यावर बसलेला असायचा. मी चपला काढायच्या आत विचारायचा, "आज काय काय वास आले?" मी सांगायची. पार्ल्याला भाजत्या बिस्किटांचा, अंधेरी स्टेशनबाहेर मोगऱ्याच्या गजऱ्यांचा आणि त्याच्याच शेजारी तळलेल्या बोंबलांचा, वर्गात पुढे बसलेल्या मुलीच्या डोक्याच्या तेलाचा. तो सगळं ऐकायचा. कधी मध्येच थांबवायचा, "बिस्किटं गोडी की खारी?" मला सांगता यायचं नाही, मग दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम नीट वास घेऊन यायची. त्याच्यासाठी वास गोळा करता करता मला मुंबई कळली. दोन-तीन वर्षं अशी गेली. आता वाटतं, त्याच्याशी इतकं मी आधी कधी बोललेच नव्हते.

मग जमिनीचं ठरलं. पपाचे दोन्ही भाऊ बाहेर राहायला गेले होते, त्यांना घर पाडून इमारत हवी होती. पपाने सही केली. त्यावर घरात भांडण झालं नाही, बोलणंही झालं नाही. त्याच हिवाळ्यात रोझीचं लग्न ठरलं, वसईच्या मुलाशी. तारीख मे महिन्यातली धरली आणि त्यानंतर घर सोडायचं होतं. वाळूतल्या बाटल्या मागच्या मयतांना आणि बारशांना संपल्या होत्या.

वेलाला जणू सगळं समजलं होतं. इतके घड त्याला कधीच आले नव्हते. ममाचे परकर पुरले नाहीत, तिने उशांचे अभ्रे बांधले. बरणी गळ्यापर्यंत भरली. पपा तिच्यावर हात ठेवून म्हणाला, "ही रोझीच्या लग्नाची. टोस्ट हिच्यानंच करायचा. मग पुन्हा व्हायची नाय."

एप्रिलच्या सुरुवातीला बिल्डरची माणसं मागची बाजू मोकळी करायला आली. वेल कापायला करवत लागली आणि दहा मिनिटं. बांबू कोसळले तेव्हा पपा आमच्याकडे पाठ करून छाटणीच्या कात्रीला तेल लावत बसला होता. संध्याकाळी बुंध्याच्या कापलेल्या तोंडावर पाणी आलं होतं. ममाने त्यावर एक तांब्या उपडा घातला. का, ते तिलाच माहीत.

वाईन गाळून परत बरणीतच ठेवली होती, बाटल्या भरायच्या राहिल्या होत्या; त्यानंतर आठवड्याने त्याने मला बरणीपाशी बोलावलं. मांडव गेल्यामुळे जिन्याखाली पहिल्यांदाच ऊन येत होतं. बरणीच्या कडेचा एक बारीक तडा मला त्या उजेडात दिसला. पपाने फडकं सोडलं.

"सांग."

नाक जवळ न्यायचीही गरज नव्हती. नखांना लावायच्या रंगाची बाटली उघडावी तसा वास आला आणि त्याच्या मागोमाग शिरक्याचा, व्हिनेगरसारखा आंबट, घशात उतरणारा. वाईन गेली होती. मी वाकून राहिले, कारण मान वर केली की त्याचा चेहरा दिसणार होता.

"कशासारखा?" त्याने विचारलं.

"चांगला आहे पपा," मी म्हणाले. "जांभळासारखा."

"जांभळासारखा?"

"हो."

"बघ हां नीट."

"बघितला. पिकलेल्या जांभळासारखा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग फडकं परत बांधलं, दोरीला दोन गाठी मारल्या आणि म्हणाला, "बरं."

पुढचे तीन आठवडे मला जेवण गेलं नाही. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. ममा चकल्या तळत असायची, रोझी ड्रेसच्या फिटिंगला निघालेली असायची, पपा मंडपवाल्याशी बोलत असायचा, आणि दिवस निघून जायचा. मला वाटायचं, त्यालाच कळेल आपोआप. मग आठवायचं की त्याला कसं कळणार, त्याचं नाक तर मीच होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी वाजंत्री लावून उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या न्हाणाचं पाणी, आणलं, त्याच विहिरीतून. बायका गात होत्या, उपड्या तांब्याला वळसा घालून जात होत्या. मी रिकामी कळशी धरून चालत होते आणि उद्या दोनशे माणसांसमोर पपाची काय अवस्था होईल, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

चर्चमधून आल्यावर अंगणातल्या मंडपात टोस्ट झाला. छोटे काचेचे पेले ट्रेमधून फिरले. नवऱ्याच्या मामाने भाषण केलं, कशावर ते मला आठवत नाही. सगळ्यांनी पेले वर धरले. मी पपाकडे पाहिलं. तो नव्या कोटात ताठ उभा होता, कपाळावर घाम. पेले ओठांना लागले. मीही डोळे मिटून घोट घेतला.

वाईन सुरेख होती. गोड, भरलेली, शेवटी लवंगेची जराशी ऊब. शिरक्याचा मागमूस नव्हता. रोझीच्या गॉडमदरने पपाचा दंड धरला. "मार्टिन, असली वाईन मी जन्मात नाय प्यायली रे!" वसईची माणसं आणखी मागू लागली. पपा मान खाली घालून हसत होता. मी ढसाढसा रडायला लागले. बायका म्हणाल्या, बहिणीवर जीव आहे पोरीचा.

माझंच चुकलं होतं, अशी मी समजूत करून घेतली. भीतीने मला भलताच वास आला असणार. वेल कापला त्याचं दुःख नाकात गेलं असणार. सुटलेही होते, आणि एक गोष्ट हातून गेलीही होती. माझा माझ्या नाकावरचा विश्वास उडाला.

घर पाडल्यावर आम्ही बोरिवलीला भाड्याने राहिलो. तिथे ना विहीर ना मांडव. पपा संध्याकाळी खिडकीशी बसायचा. पहिले काही दिवस विचारायचा, "काय वास आले आज?" मी म्हणायची, "काही नाही रे, नेहमीचेच." मला नोकरी लागली होती, थकून यायची. हळूहळू त्याने विचारायचं सोडलं. ते कधी थांबलं, तो दिवस मला काही केल्या आठवत नाही.

इमारत पुरी झाली आणि आम्ही मरोळला परत आलो, दुसऱ्या मजल्यावर. वर्षभरातच पपाला छातीचं दुखणं लागलं. शेवटचे दिवस तो हॉस्पिटलात होता. एका दुपारी मी त्याला मोसंबं सोलून देत होते. वॉर्डात पंख्याची घरघर होती.

"बाय," तो म्हणाला, "रोझीच्या लग्नाची वाईन कशी होती गो? खरं सांग."

मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्याने असं काही विचारलं होतं. त्याला आनंद होईल असं, आणि खरंही, सांगण्यासारखं माझ्यापाशी होतं.

"पपा, तू केलेल्यातली ती सगळ्यात चांगली होती," मी म्हणाले. "तुझ्या हातची तशी पुन्हा कधी मिळाली नाही."

त्याने माझ्या हातातली फोड घेतली. थोडा वेळ ती तशीच धरून ठेवली. "हां," म्हणाला, आणि मग हलकेच माझ्या मनगटावर थोपटलं. तीन दिवसांनी तो गेला.

मातीला गोराईहून आग्नेल काका आले होते. पपाचे जुने दोस्त, एका कारखान्यात बरोबर होते आणि तेही घरी वाईन करायचे. दफन झाल्यावर ते माझ्याजवळ आले. म्हातारे रडत होते. बोलायचं म्हणून बोलावं तसं म्हणाले, "मार्टिन म्हणजे काय माणूस होता, बाय! रोझीच्या लग्नाच्या आधी खाडी ओलांडून आला. भर उन्हात, दोन कॅन घेऊन. माझी सगळी वाईन नेली. मी बोललो, तुझी बरणी कुठं गेली? बोलला, ती बिघडली. मी पेला भरून दिला. तर हातात घेऊन बसला नुसता. बोलला, आग्नेल, चांगली हाय ना, तूच सांग. माझं नाक आज बरोबर आणता आलं नाय."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. आलेल्या माणसांना हात जोडले. हे सगळं मीच केलं असणार, कारण रोझी ममाला धरून बसली होती आणि दुसरं कुणी नव्हतं.

माणसं गेल्यावर ममाला विचारलं. ती शेजारणीची भांडी पुसत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"त्याच दिवशी कळलं त्याला. तू वर गेलीस आणि त्यानं बोट बुडवून चाटलं."

"पण त्याला कळायचं कसं? त्याचं नाक..."

"नाक गेलं होतं. जीभ होती ना गो. आंबट, गोड, तुरट, सगळं कळायचं त्याला."

"म्हणजे आधीपासून? पहिल्या वर्षापासून?"

"मग काय तर."

"मग मला कशाला विचारायचा?"

ममाने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तुला विचारायला आवडायचं त्याला," ती म्हणाली.

मग पदराने तोंड पुसून तिने बाकीचं सांगितलं. बरणीतलं त्याने फेकू दिलं नव्हतं. वेलाची शेवटची द्राक्षं आहेत, पोरींच्या पोटात जाऊ देत, असं म्हणाला. शिरक्याच्या बाटल्या भरून ममाने त्या बोरिवलीला नेल्या, आणि तीन वर्षं प्रत्येक सणाला डुकराच्या मटणाच्या सॉर्पोटेलमध्ये तोच शिरका घालत राहिली. मी बोटं चाटून खाल्लं होतं. "तू सांगशील, असं त्याला वाटायचं," ममा म्हणाली. "मी बोलले, तूच विचार ना. तर बोलायचा, नको, आपणहून सांगेल."

हॉस्पिटलात त्याने विचारलं होतं. त्याला मी दुसऱ्याच्या हातची वाईन त्याची सगळ्यात चांगली म्हणून सांगितली, आणि ती त्याने थोपटून ठेवून घेतली.

ममाही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तिच्यानंतर मीही मरोळ सोडलं. आग्नेल काका नाहीत. त्या दिवशी मिस्सेनंतर आत्याच्या घरी जेवायला माणसं जमली होती, वसईहून रोझी आली होती, तिच्या सुना होत्या. कुणीतरी वाईनचा विषय काढला. रोझी आता सत्तरीकडे झुकली आहे, तिच्या आवाजात पपाची खरखर आलीय. "हल्ली काय मिळते गो वाईन," ती सुनांना म्हणाली. "माझ्या लग्नाला पपानं आमच्या वेलाची काढली होती. अजून माणसं नाव काढतात. विचारा हिला. हिचंच नाक होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "पपाच्याच हातची होती."